चपलांचं सोल्युशन, पावसातलं बंद शटर आणि बधिर होणारे पाय (चर्चागटातली चर्चा; मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

जगबुडी

कोकणातल्या खेडच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. मागच्या गल्लीत चपला-सँडल बनवणारे दोन-तीन गाळे आहेत. पाटी वगैरे काही नाही. आत फर्म्यांची रास, रेक्झिन, फोमच्या शीट, तयार सोल आणि सोल्युशनचे, म्हणजे चिकटवायच्या द्रवाचे डबे. कारागीर सगळीकडचे. कोणी मंडणगडचा, कोणी उत्तर प्रदेशातून येऊन मुंबईला ठक्कर बाप्पा कॉलनीत काम शिकलेला. जूनच्या तोंडावर शाळेचे बूट, मग पावसाळी चपला, मग चाकरमानी यायच्या आत गणपतीचा माल. मजुरी जोडीमागे, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले.

ही पोरं माझ्याकडे काय मागतात ते मी बघत आलोय. डोकेदुखीची गोळी, मळमळीची, ॲसिडिटीची, आणि बी-ट्वेल्व्ह. विशी-पंचविशीतले धडधाकट मुलगे पायाला मुंग्या येतात म्हणून बी-ट्वेल्व्ह मागतात. त्यातल्या एकाच्या पायातली चप्पल रस्त्यात सुटून मागे राहिली आणि तो तसाच चालत काउंटरपर्यंत आला. पानवाल्याने हाक मारली तेव्हा त्याने खाली पाहिलं. त्याच्या हातातल्या कागदावर डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची कमतरता असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं होतं आणि इंजेक्शनं दिली होती. काय काम करतोस, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. बोटांच्या पेरांवर सोल्युशनचा पिवळट थर होता, तोही कुणाला दिसला नाही.

सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर. द्रावक उडून गेल्याशिवाय ते धरत नाही. डब्यातला बराचसा माल द्रावकच असतो, म्हणजे विकत घेतलेल्या डब्याचा मोठा भाग गाळ्याच्या हवेत जातो आणि तिथून कारागिराच्या छातीत. हे द्रावक कोणते, तर टोल्युइन, नॉर्मल हेक्झेन, एमईके (मिथाइल एथिल कीटोन), ॲसिटोन, एथिल ॲसिटेट यांची कसलीतरी मिसळ. डब्यावर 'ज्वलनशील' लिहिलेलं असतं. आत काय आहे ते क्वचितच, आणि सुट्ट्या थिनरच्या बाटलीवर तर काहीच नाही.

नॉर्मल हेक्झेन शरीरात गेलं की यकृत त्याचं २,५-हेक्झेनडायोन करतं आणि ते नसांच्या तंतूंमधल्या प्रथिनांना चिकटतं. ज्या नसा सगळ्यांत लांब त्या आधी बिघडतात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, आणि दोन्ही पायांना सारखीच. मग हाताची बोटं. नुसत्या मुंग्यांवर थांबलं तर नशीब. पुढे पाऊल उचलायची ताकद जाते, जिना चढताना पाय अडखळतो.

आता आपल्याकडची खास अडचण. पाऊस लागला की शटर अर्ध्यावर येतं, मागची खिडकी प्लास्टिकने बंद होते. दमट हवेत सोल्युशनवर पांढुरकी साय धरते. द्रावक उडताना थर गार होतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि सोल सुटतो. त्यावर उपाय म्हणून पोरं मोठा बल्ब नाहीतर हिटर लावून पेस्टिंग केलेले, म्हणजे सोल्युशन लावलेले तळ शेकतात. म्हणजे हवा खेळायची बंद आणि उडणारी वाफ दुप्पट, दोन्ही एकाच वेळी. आगीचं तर बोलायलाच नको. हेक्झेनचा भडकण्याचा बिंदू, म्हणजे ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो, शून्याच्या खाली २० अंशांहूनही उतरतो.

या चर्चागटात डॉक्टर आहेत, लोट्याच्या रासायनिक वसाहतीत काम करणारे आहेत, या धंद्यातल्या घरांतलेही आहेत. मला दोन गोष्टी हव्यात. एक, या पोरांनी कुठल्या तपासण्या करायच्या. दोन, गाळेवाल्याला न परवडणारं काही न सांगता काय बदलता येईल.

काजूबोंड

कळकळ समजते, पण एक विचारतो. बाजारात वर्षानुवर्षं गटईवाले बसतात, त्यांच्यात कुणाचे पाय गेलेले मी पाहिले नाहीत. उद्या हे वाचून कुणी तक्रार केली तर गाळे बंद होतील आणि तीच पोरं रिकामी बसतील. वास काय, रंगकामातही येतो. आम्ही घर रंगवताना आठवडाभर त्यात झोपलो होतो.

रापीआरी

काजूबोंड, मी त्याच घरातला, म्हणून सांगतो. आजोबा पायताण करायचे ते वादीने शिवून. रापी, आरी, ऐरण, मेण लावलेला दोरा. चिकटवायला पिठाची खळ. कोल्हापुरी चपलेची जुनी रीतही अशीच, शिलाई चामड्याच्याच वादीची, ना खिळा ना डिंक. मग फोम आला, रेक्झिन आलं, पीव्हीसीचे आणि पीयूचे तयार सोल आले. हा माल शिवून भागत नाही, चिकटवावाच लागतो. वडिलांच्या हातात सोल्युशनचा डबा आला तो असा. काम तेच दिसतं, पण आतला माल बदललाय.

आणि रस्त्यावर उघड्यावर बसणारा गटईवाला वेगळा. तो दिवसाला चार चपला चिकटवतो, वारा वाहतोय. गाळ्यात पेस्टिंगला बसलेला पोरगा दिवसभर ब्रश मारत असतो. त्याच्या मांडीशी डबा, समोर सुकायला लावलेल्या सोलांची ओळ, आणि वाफ नाकासमोर. दोघांना एका मापाने मोजू नका.

वासाबद्दल. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसतो. नंतर म्हणतो, आता सवय झाली. सवय नाकाला झालेली असते.

शहाळं

मी डॉक्टर आहे, रत्नागिरीत. जगबुडींनी लिहिलेलं लक्षणांचं वर्णन अगदी पुस्तकी आहे. सविस्तर लिहिते.

हातमोजे-पायमोजे घालतो तेवढ्या भागातली सारखी बधिरता, घोट्याचा झटका (टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर पाऊल हलतं तो) कमी होणं, टाचांवर चालता न येणं. हे तिन्ही तरुण माणसात दिसलं की आम्ही मधुमेह, दारू, बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड यांचा विचार करतो. बी-ट्वेल्व्हची कमतरता इथे खरोखरच भरपूर आढळते, त्यामुळे रिपोर्ट थोडा कमी आला की शोध तिथेच संपतो. गोळ्या घेऊन मुलगा पुन्हा त्याच गाळ्यात जाऊन बसतो. बी-ट्वेल्व्ह तपासावंच, कमी असेल तर भरून काढावं. पण हेक्झेनने बिघडलेली नस त्या गोळीने सुधरत नाही.

तपासणी म्हणजे नसांची वहनगती, एनसीव्ही. ती तालुक्याला होत नाही, जिल्ह्याला किंवा कोल्हापूर-मुंबईला जावं लागतं. लघवीत २,५-हेक्झेनडायोन मोजता येतं, पण नमुना कामाच्या आठवड्याच्या शेवटी, कामाची शिफ्ट संपताना घ्यायचा. सोमवारी सकाळी घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही. ही चाचणी साध्या प्रयोगशाळेत मिळत नाही. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच विषयावर काम करते, तिथे लिहून विचारता येतं.

एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावी लागते. काम सोडल्यावर दोन-तीन महिने त्रास वाढतच जातो. घरचे म्हणतात, काम सोडून घरी बसला आणि आणखीच बिघडला. मग एकतर डॉक्टर बदलतात, नाहीतर देवस्की सुरू होते. तसं नाही. नसांत जे होऊन बसलंय ते उतरायला वेळ घेतं आणि आधी थोडं खाली जातं. त्यानंतर सुधारणा होते, पण महिन्यांच्या हिशोबात, कधी वर्षाहून जास्त. फार उशीर झाला तर थोडी कमजोरी कायमची राहते.

टोल्युइनचं वेगळं. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, विसरायला होणं, रंग ओळखण्यात फरक. गाळ्यात ठोकाठोकीचा आवाजही असेल तर कानावर दोन्हींचा एकत्र परिणाम होतो.

आणि बेंझिन. त्याचा परिणाम रक्त तयार होणाऱ्या मज्जेवर होतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, सारखा ताप, फिकेपणा. आयएआरसी या जागतिक संस्थेने बेंझिनला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय. म्हणून वर्षातून एकदा तरी साधं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करून घ्या. ते तालुक्याला होतं आणि परवडतंही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर्षागणिक उतरत असतील तर आकडे 'नॉर्मल' असले तरी थांबून विचार करायचा. जुने रिपोर्ट फेकू नका, तुलना त्यांच्याशीच होते.

रापीआरी

डॉक्टर, बेंझिन हल्लीच्या सोल्युशनमध्ये असतं का? आणि सोल्युशन घट्ट झालं की आमच्यात सर्रास पेट्रोल ओततात. हातही पेट्रोलनेच धुतात.

सडा_कातळ

याचं उत्तर मी देतो, लोटे परशुरामला सुरक्षा विभागात आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असतंच. भारत स्टेज सहाच्या पेट्रोलला १ टक्का आकारमानाने ही कमाल मर्यादा आहे. टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण बेंझिनसाठीची मर्यादा दहा लाख भागांत एखाद-अर्धा भाग अशी मोजली जाते, त्यापुढे बंद खोलीत वाटीभर पेट्रोल म्हणजे काय ते तुम्हीच बघा. शिवाय बेंझिनचा गोडसर वास नाकाला कळतो तोवर हवेतलं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, हे बेंझिनला लागू नाही. स्वस्त थिनरमध्येही काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही.

पेट्रोलने हात धुणं आजच्या आज बंद करता येईल. त्वचेचं तेल जातं, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून द्रावक आणखी आत जातं. खोबरेल चोळा, पाच मिनिटं थांबा, भुशाने किंवा फडक्याने पुसा, मग साबण. सोल्युशन निघतं. कोकणात खोबरेल तरी विकत आणायला लांब जावं लागत नाही.

मास्क. करोनात घेतलेले कापडी, सर्जिकल, एन-९५, यांतला एकही वाफ अडवत नाही. ते कणांसाठी. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला अर्ध्या तोंडाचा मास्क लागतो, सेंद्रिय बाष्पासाठीचा म्हणून मागायचा. आपल्या दमट हवेत उघडं ठेवलेलं कार्ट्रिज ओलावा शोषून लवकर निकामी होतं, म्हणून काम संपलं की घट्ट झाकणाच्या डब्यात. पण खरं सांगू का, जुलैच्या उकाड्यात जोडीमागे पैसे मिळणारा माणूस तो मास्क दिवसभर लावेल, यावर माझा विश्वास नाही. आमच्या कंपनीत पगारी माणसं लावत नाहीत.

म्हणून हवा. छताच्या पंख्याने वाफ फक्त फिरते, जात नाही. एक्झॉस्ट पंखा बसवतात तो दाराच्या वर, उंच. काही ठिकाणी सांगतात की वाफ हवेपेक्षा जड, म्हणून पंखा जमिनीलगत लावा. हे अर्धंच खरं आहे. उघड्या डब्याच्या तोंडाशी, सांडलेल्या जागी वाफ दाट असते आणि ती खरंच खाली वाहते. कोपऱ्यातल्या शेगडीपर्यंत सरपटत जाऊन पेट घेते ती अशीच. पण खोलीभर पसरलेली, दहा लाखांत शे-दोनशे भाग असलेली हवा साध्या हवेहून नावापुरती जड असते, अर्ध्या अंशाच्या तापमानफरकानेही त्याहून जास्त फरक पडतो. ती तळाशी साचून बसत नाही. तेव्हा उंचीपेक्षा महत्त्वाचं हे, की वाफ निघते त्या जागेवरच ओढून घ्यायची, आणि माणसाचं नाक डबा आणि पंखा यांच्या मध्ये यायला नको. पेस्टिंगचं टेबल भिंतीला लावा, टेबलाच्या उंचीवर भिंतीत पंखा, माणूस पंख्याकडे तोंड करून, ताजी हवा त्याच्या पाठीमागून. एवढं केलं तरी खूप झालं.

सगळ्यांत जास्त वाफ ब्रश मारताना नाही, सुकताना निघते. सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवलेले ते सोल. ते रॅक माणसापासून उचलून दुसरीकडे न्या. पैसा लागत नाही.

मालवणी_खाजा

माझो चुलतो सावंतवाडीक बाजारात चपला शिवता. पावसात शटर अर्धा ओढून बसता, नायतर पाणी थेट आत येता. दार उघडा ठेव म्हटला तर म्हणतलो, चामड्याक बुरशी येता, सोल धरणत नाय. खरा हा त्याचा. मग त्येणां करूचा काय?

सडा_कातळ

खाजा, बरोबर बोलतायत काका. पाऊस आत घ्या असं कुणीच सांगणार नाही. आपल्या घरांना पुढे पडवी असते तशी शटरपुढे पत्र्याची झडप तीन-चार फूट बाहेर काढा, म्हणजे शटर वर राहील आणि झड लागणार नाही. मागे भोक पाडून पंखा, त्यावर बाहेरून खाली वाकलेलं पत्र्याचं टोपडं. पंख्याची मोटर आणि बटण वाफेच्या थेट वाटेत नको, ठिणगी पडते. आणि शेकायला उघडा हिटर, स्टोव्ह, मोठा बल्ब अजिबात नको. तळ आणि अपर सोल्युशन लावायच्या आधी कोरडे करून घेतले तर पांढरी साय कमी धरते. ओल्या मालावर ब्रश मारायचा आणि मग शेकत बसायचं, हीच मूळ खोड.

डब्यालाही झाकण ठेवा. मोठा पाच लिटरचा डबा मांडीशी उघडा ठेवण्याऐवजी छोट्या डब्यात थोडं थोडं, झाकणाला ब्रशच्या दांड्यापुरतं भोक. सोल्युशन घट्ट होत नाही, थिनर वाचतं. गाळेवाल्याला आरोग्याचं सांगून पटलं नाही तर थिनरच्या पैशाचं सांगा, ते पटतं.

सुपारीची_बाग

वाचतेय. थोडा इतिहास, कारण त्यात एक धडा आहे. इटलीत बूट कारागिरांना सोल्युशनमधल्या बेंझिनने रक्ताचे आजार झाले. पाविया-विजेव्हानो भागातल्या डॉक्टरांनी त्यावर बरंच लिहिलं. १९६३ मध्ये तिथे कायद्याने बेंझिनवर बंधन आणलं. कारखानदारांनी बेंझिन काढून हेक्झेन घातलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच बूटवाल्यांचे हातपाय लुळे पडायला लागले. जपानमध्ये जवळपास हेच. मिकावा भागात व्हिनाइल सँडल घरोघरी बनायच्या. १९६०च्या दशकात तिथल्या १६६२ कामगारांच्या तपासणीत ९३ जणांना हेक्झेनचा नसांचा आजार निघाला. हे मोठ्या कारखान्यातले नव्हेत, बंद खोलीत घरकाम म्हणून करणारे. इस्तंबूलमध्ये अक्सॉय या डॉक्टरांनी १९७४ मध्ये बूट कारागिरांतल्या ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण मांडले. पेस्टिंगमधलं बेंझिनच कारण.

म्हणून हल्ली डब्यावर 'टोल्युइनमुक्त' असं छापलेलं दिसलं की मी आधी विचारते, मग त्याच्या जागी काय घातलंय?

सडा_कातळ

अगदी हेच. टोल्युइनमुक्त डब्यात बहुधा हेक्झेन, सायक्लोहेक्झेन, एमईके असतं. आणि एमईके एकटं नसांना फार काही करत नाही, पण हेक्झेनबरोबर असलं तर हेक्झेनचा त्रास वाढवतं. पुरवठादाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागायचं, एमएसडीएस म्हणतात त्याला. बड्या ब्रँडांचं सहज मिळतं. त्याच्या तिसऱ्या विभागात घटकांची यादी असते. सुट्ट्या डब्याचं मिळणार नाही, आणि तेवढ्यावरूनच तो डबा घ्यायचा की नाही ते ठरवा.

पाण्यातलं सोल्युशनही निघालंय. चांगलं आहे. पण महाग, गरम करून लावावं लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात वाळायला जीव काढतं. डिसेंबर-जानेवारीत वापरून बघायला हरकत नाही. आषाढात कुणाला आग्रह करू नका, शिव्या पडतील.

हवेतल्या वाफेच्या मर्यादांबद्दल कुणी विचारेल म्हणून. टोल्युइनसाठी आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) होती, एसीजीआयएच या अमेरिकी औद्योगिक आरोग्य संघटनेची शिफारस २०. हेक्झेनसाठी त्यांची शिफारस ५०. गाळ्यात मोजायला कुणी येत नाही, त्यामुळे हे आकडे पाठ करून तिथे काही होणार नाही.

पडवी

बायकांचा विषय कुणी काढला नाही. माझी चुलतबहीण पनवेलजवळ राहते. गाळ्यातून पट्टे घरी आणून देतात, त्यांवर फुलं, खडे, चकत्या चिकटवायच्या. डझनावर पैसे. एकच खोली, त्यातच गॅस, त्यातच पोरं झोपलेली. दुपारी तिच्याकडे गेले तर डोळे चुरचुरले माझे. थोरली मुलगी शाळेतून आली की तीही बसते. बहिणीला दिवस गेलेत. गाळेवाला म्हणतो, बाईंना मी कामाला कुठे ठेवलंय, त्या आपल्या आपण नेतात.

शहाळं

पडवीताई, गरोदरपणात हे काम थांबवायला सांगा. द्रावक वारेतून बाळापर्यंत जातात. थांबवणं शक्यच नसेल तर चिकटवायचं काम बाहेर, पडवीत, गॅलरीत, पोरं झोपतात त्या खोलीत नाही. सुकायला ठेवलेला माल रात्री घरात नको. गॅस पेटलेला असताना डबा उघडायचा नाही, हे गरोदर असो नसो. आशाताईंना किंवा प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी कामाचं स्पष्ट सांगा, कार्डावर लिहून घ्या. मुलीला त्यात बसवू नका. लहान मूल वजनाच्या मानाने जास्त हवा घेतं.

कज्जेदलाल

कायद्याचं थोडक्यात, कारण थोडकंच आहे. कारखाना धरायला महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीपासून विजेवर चालत असेल तर २० माणसं आणि विजेशिवाय ४० माणसं लागतात. आधी १० आणि २० होती. खेडच्या गाळ्यात सहा-सात. दुकाने-आस्थापना कायदा २०१७ चा, तोही इतक्या लहान ठिकाणी नुसती सूचना देण्यापुरता. कर्मचारी विमा १० माणसांपासून. म्हणजे जिथे वाफ जास्त तिथे कायदा कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत राज्य सरकारला वाटलं तर लहान ठिकाणालाही कारखाने कायदा लावता येत होता, कलम ८५. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बेंझिन आणि त्याच्या जातभाईंनी होणारी विषबाधा नोंदवायच्या आजारांत होती, आणि असा रुग्ण दिसला की डॉक्टरने कळवायचं असतं. बेंझिनचे आजार नुकसानभरपाईच्या यादीतही आहेत. पण मिळवायला आजाराचा कामाशी संबंध कागदावर हवा, आणि कागदावर 'जीवनसत्त्वाची कमतरता' असेल तर आम्ही वकील लोकांनी भांडायचं कशावर?

सरकारी योजनांतून जे मिळतं ते घ्या. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार-पादत्राण कारागीर धरलेत, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. त्यातून पंखा बसतो की नाही ते बघावं लागेल. ई-श्रम कार्डावर व्यवसाय नीट लिहा, मजूर म्हणून सोडू नका.

रापीआरी

योजनेवरून आठवलं. गटई कामगारांना समाजकल्याणकडून पत्र्याचा स्टॉल मिळतो. उन्हातान्हात डोक्यावर छप्पर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिनखिडकीचा पत्र्याचा पेटारा एप्रिलमध्ये आत किती तापतो ते बसून बघा. त्यात सोल्युशन. पूर्वी उघड्यावर बसणारा माणूस आता पेटाऱ्यात बसतो. स्टॉल बनवतानाच मागच्या अंगाला दोन जाळ्या ठेवल्या, एक खाली, एक वर, तर किती खर्च वाढेल? हे कुणी समाजकल्याणच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवू शकत असेल तर सांगा, अर्ज मी लिहितो. त्यावर सह्या हव्यात.

काजूबोंड

सही माझीही घ्या.

जगबुडी

सगळ्यांचे आभार. गाळेवाल्याशी बोललो. सडा_कातळांनी सांगितल्याप्रमाणे आधी थिनरचं गणित मांडलं. छोटे झाकणाचे डबे लगेच आले. सुकायचं रॅक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. पंख्याचं म्हणाला गणपतीनंतर बघू, आत्ता माल निघू दे. हिटर काढायला तयार नाही, माल परत येतो म्हणतो. त्यावर भांडण चालू आहे.

काउंटरवर मी एक चिठ्ठी छापून ठेवली आहे, मराठीत आणि हिंदीत, गोळी देताना हातात देतो: "मी चपला चिकटवण्याचं काम करतो. सोल्युशन आणि थिनर रोज वापरतो. इतके महिने झाले. कृपया कागदावर लिहा." कुणाला वापरायची असेल तर खुशाल घ्या.

त्या मुलाचं एनसीव्ही झालं, वेग बराच कमी आलाय. तो गावी गेला. आता फोन करून म्हणतो, काम सोडलं तरी पाय आणखी जड वाटतात. डॉक्टर, तुमचं दोन-तीन महिन्यांचं बोलणं त्याला वाचून दाखवलं, जरा धीर आला. त्याचा मालक विचारतोय, बरा झाल्यावर पेस्टिंगऐवजी शिलाई मशीनवर बसवला तर चालेल का? मशीन त्याच गाळ्यात आहे, टेबलापासून दहा फुटांवर.

शहाळं

त्याच खोलीत असेल तर नाही चालणार. ब्रश दुसऱ्याच्या हातात गेला तरी हवा तीच आहे. मशीन मागच्या शेडमध्ये हलवता येतंय का बघा, आणि तिथे सुकायचं रॅक आता आहे, म्हणजे ते आधी दुसरीकडे न्यावं लागेल. आधी पुन्हा एनसीव्ही करू, सहा महिन्यांनी. टाचांवर चालता येईपर्यंत कामाचा विषय काढू नका म्हणावं.